आम्ही नाही का सोसलं?

आमच्या घरी सून सगळ्यात शेवटी जेवायची. आधी बाप्ये, मग पोरं, मग वावरातला गडी, मग आई. पातेल्याच्या बुडाला जे कोरड्यास राहील त्यात भाकरी कुस्करून माझी बायको. तासगाव तालुक्यातल्या त्या घरात ही लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं आईला विचारलं होतं, "आत्या, तुमच्याबरोबरच बसू का?" आई म्हणाली, "आम्ही नाही का सोसलं?" विषय संपला.

आई खोटं बोलत नव्हती. पहाटे चारला उठून जात्यावर बसणं, खोल विहिरीचं पाणी शेंदणं, सासूच्या आधी घास तोंडात घातला म्हणून उपाशी झोपणं हे सगळं तिनं काढलं होतं. गंमत पुढेच आहे. दिवाळीनंतर साखर कारखान्याचा हंगाम लागला की बीडकडचे ऊसतोड मजूर आमच्या रानाच्या कडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, टाकायचे. त्यात कुणी ओली बाळंतीण असली की म्हशीची धार काढल्यावर पहिला तांब्या कोपीत जायचा, घरातल्या चहाला दूध उरो न उरो. आजोबा चिडायचे. आई त्यांना दाद द्यायची नाही. माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. नऊ महिन्यांची असताना हगवण लागून गेली, तालुक्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत. त्याबद्दल आई कधी बोलली नाही. पण कोपीतलं लेकरू रडायला लागलं की तिचा हातातल्या कामावरचा जीव उडायचा.

बाई एकच, दुःखं दोन. एका दुःखानं ती कडक झाली आणि दुसऱ्यानं मऊ. हे असं का होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात पुष्कळ वर्षं होता. मी काही मानसशास्त्राचा माणूस नव्हे. सांगलीच्या एका पतसंस्थेत आयुष्य काढलं, निवृत्तीनंतर वाचत बसलो. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

आपल्याकडं म्हण आहे, ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्यानं उपास काढला त्यालाच उपाशी माणूस दिसतो, हे आपण इतकं गृहीत धरतो की तपासत नाही. २०१५ साली रेचल रटन, मेरी-हंटर मॅक्डॉनल आणि लोरन नॉर्डग्रेन या अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी ते तपासलं. त्यांनी लोकांना एका माणसाची गोष्ट वाचायला दिली. त्याची नोकरी गेलेली असते, तो खूप धडपडतो, काम मिळत नाही, शेवटी पोटासाठी अमली पदार्थ विकायला लागतो. या माणसाबद्दल तुम्हाला काय वाटतं, असं विचारलं. म्हणीप्रमाणं पाहिलं तर ज्यांनी बेकारी भोगली त्यांना सगळ्यात जास्त कणव यायला हवी होती. झालं उलटंच. जे पूर्वी बेकार होते आणि त्यातून बाहेर पडले होते, त्यांनाच त्याची कमी कीव आली. कधीच बेकार न झालेले आणि त्या वेळीही बेकारच असलेले, दोघंही त्यांच्यापेक्षा मवाळ निघाले.

दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. शाळेत मुलं एका पोराला छळतात. एका गोष्टीत तो पोरगा निभावून नेतो. दुसऱ्या गोष्टीत त्याचा तोल जातो आणि तो हात उचलतो. लहानपणी ज्यांना स्वतःला असा छळ झाला होता, त्यांना निभावून नेणाऱ्या पोराबद्दल इतरांपेक्षा जास्त माया वाटली. तोल गेलेल्या पोराबद्दल मात्र इतरांपेक्षा कमी.

म्हणजे आपलंच दुःख दुसऱ्याच्या अंगावर दिसलं की आपण त्याचे सोबती होण्याऐवजी परीक्षक होतो. हा पेपर आपण सोडवलेला असतो ना. जो पास होतोय त्याची पाठ थोपटायची आणि जो गडबडतोय त्याला म्हणायचं, "आम्ही नाही का सोसलं?" आता आईचं कोडं थोडं सुटतं. सुनेचा पेपर तिनं सोडवलेला होता. कोपीतल्या बाळंतिणीची परीक्षा घ्यायला ती जात नव्हती, कारण ती परीक्षा आई स्वतः नापास झाली होती. निदान तिला तसं वाटत असावं.

संशोधकांनी याची दोन कारणं सांगितली. पहिलं म्हणजे, झालेला त्रास आपल्याला आठवतो, पण त्याची धार आठवत नाही. दाढ दुखली होती हे लक्षात राहतं, ती रात्र कशी काढली ते राहत नाही. भरल्या पोटी उपासाचा अंदाज नेहमी कमीच येतो, मग तो उपास आपण स्वतः केलेला का असेना. दुसरं म्हणजे, आपण त्यातून निघालो हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. त्रास पुसट झालेला आणि जिंकणं ठळक, अशा दोन गोष्टी एकत्र आल्या की मनात हिशेब तयार होतो: हे जमण्यासारखं आहे, मला जमलं, मग याला का नाही?

आईला नावं ठेवून मी सुटणार नाही. माझ्यावरही हीच पाळी आली होती.

२००९ च्या फेब्रुवारीत बायकोच्या स्वादुपिंडाला सूज आली. मिरजेत तेवीस दिवस, त्यातले नऊ अतिदक्षता विभागात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विजापूर, अथणी, जत, पंढरपूर, चहूकडून माणसं पेशंट घेऊन येतात आणि त्यांचे नातेवाईक जिन्यात, व्हरांड्यात, बाकड्याखाली पडलेले असतात. आम्ही ज्या दवाखान्यात होतो तिथं पाचव्या दिवशी पैसे भरायला दोन तास उशीर झाला. काउंटरवरच्या माणसानं फाइल माझ्या अंगावर सरकवली आणि मागची रांग ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "झेपत नसेल तर सरकारीत न्यायचं होतं." मी पतसंस्थेत लोकांचे पैसे मोजणारा माणूस. खिशात पैसे होते, साडू स्टेशनरोडला काढायला गेला होता. पण मी काही बोललो नाही. जिन्यात जाऊन बसलो आणि रडलो. पंचेचाळीस वर्षांच्या बाप्यानं रडायला जिना ही बरी जागा, तिथं सगळेच पायाकडं बघत चाललेले असतात.

या अपमानानंतर मी रांगेतल्या माणसाशी आयुष्यभर मायेनं वागलो असेन, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

दोन वर्षांनी आमच्या शाखेतल्या एका तरुण क्लार्कनं आठ दिवसांची रजा मागितली. आईचं ऑपरेशन, तेही मिरजेतच. मार्चएंड तोंडावर होता. मी त्याला म्हणालो, "मी तेवीस दिवस दवाखाना सांभाळून मार्चएंड काढलाय. चार दिवस घे." पोरगा मान हलवून गेला. घरी येऊन मी हे जरा फुशारकीनंच हिला सांगितलं. ही मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, तुम्ही सासू झालात की."

त्या रात्री मी आठवायला लागलो, की २००९ चा मार्चएंड मी नक्की काढला कसा? काढलाच नव्हता. दोन सहकारी रात्री अकरापर्यंत बसून माझ्या वाटणीची वह्या-खाती जुळवत होते. एक रात्र साडू तर एक रात्र मी असं दवाखान्यात झोपत होतो. मेव्हणी रोज सांगलीहून बसनं डबा पाठवायची. दोन वर्षांत माझ्या आठवणीतून ही सगळी माणसं नाहीशी झाली होती आणि एकटा मी उरलो होतो, छाती काढून उभा. मला वाटतं, कडकपणाचं मूळ इथं आहे. दुःख आठवताना त्यातले मदतीचे हात पुसून टाकले की आपलं तरून जाणं हा आपला पराक्रम ठरतो. आणि पराक्रमी माणसाला दुसऱ्याचं बुडणं म्हणजे आळस वाटतो.

सांगलीत हे दर पुराला बघायला मिळतं. २००५ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यातल्या काहींनी नंतर विश्रामबागेकडं, उंचावर, जागा घेतल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं सत्तावन्न फूट ओलांडले, धोक्याची पातळी पंचेचाळीस असताना. तेव्हा असाच एक ओळखीचा गृहस्थ आपल्या कोरड्या गच्चीत उभा राहून मला म्हणाला, "एकदा बुडाल्यावर आपण शहाणे झालो. ही माणसं अजून नदीकाठी का राहतात?" उंचावर जागा घ्यायला पैसे लागतात, हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं. त्याच आठवड्यात जतकडून टेंपो आले. धडप्यात बांधलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे. त्याच उन्हाळ्यात ही गावं टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी होती. पुराचा त्यांना काही अनुभव नव्हता, त्यामुळं 'तुम्ही असं का नाही केलंत' म्हणायला त्यांच्यापाशी काही नव्हतं. पाण्यापायी हाल होणं म्हणजे काय, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पूर पाहताना आणखी एक गोष्ट डोक्यात राहते. एक म्हातारी छपरावर अडकली असं टीव्हीवर दिसलं की जीव कासावीस होतो. हजारो लोक अडकले असं ऐकलं की आपण चॅनल बदलतो. आकडा वाढतो तशी माया आटते, आणि हे बहुतेक माणसांचं होतं. डॅनियल लिम आणि डेव्हिड डेस्टेनो यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की आयुष्यात आजारपण, अपघात, जवळच्यांचे मृत्यू असे वेगवेगळे घाव ज्यांनी जास्त सोसले, त्यांच्यात दुसऱ्याबद्दलची कणव आणि प्रत्यक्ष मदत दोन्ही सरासरीनं जास्त होती. चार वर्षांनी त्यांनीच पुढचं पाऊल टाकलं. अशा माणसांची माया आकडा वाढल्यावर इतरांइतकी आटत नाही, कारण 'माझ्या करण्यानं काहीतरी फरक पडेल' असं त्यांना वाटतं. बाकीचे हजारांचा आकडा ऐकून हात टेकतात. ही माणसं म्हणतात, पन्नास भाकरी तर होतील.

हे वाचताना मी अडखळलो. आधीचे संशोधक म्हणतात, सोसलेला माणूस कडक होतो. हे म्हणतात, मऊ होतो. खरं कुणाचं? माझ्या समजुतीनं दोघांचंही, कारण प्रश्नच वेगवेगळे आहेत. एकूण आयुष्यात टक्केटोणपे खाल्लेला माणूस साधारणपणे दुसऱ्याकडं वळतो. फक्त त्याच्याच वाटेवर, त्याच्याच खड्ड्यात कुणी पडलेलं दिसलं की त्याला आपण कसं चढून आलो ते आठवतं. म्हणून आई कोपीत मऊ आणि चुलीपाशी कडक.

इथं शब्दांची थोडी साफसफाई करावी लागेल, कारण मराठीत आपण कीव, दया, सहवेदना, करुणा हे एकाच पिशवीत कोंबतो. २००४ साली टानिया सिंगर यांनी लंडनमध्ये सोळा जोडप्यांवर प्रयोग केला. बायकोच्या मेंदूचं चित्र घ्यायचं आणि शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला विजेचा झटका द्यायचा. त्याला झटका बसणार असं कळलं की हिच्या मेंदूतले, वेदनेचा नकोसेपणा जाणवून देणारे भाग जागे व्हायचे, जणू तिलाच त्रास होतोय. हाताला नेमकं कुठं काय टोचलं हे टिपणारे भाग मात्र शांत. थोडक्यात, दुसऱ्याची कळ आपल्याला उसनी मिळते, पण सगळी नाही. ही सहवेदना. पुढं सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या कामातून दिसलं, की लोकांना नुसती ही उसनी कळ वाढवायला शिकवलं तर ते बेजार होतात. 'याचं भलं व्हावं' असा कल मनाला लावायला शिकवलं, की तीच माणसं पुन्हा सावरतात, त्यांना बरं वाटतं. हा दुसरा कल म्हणजे करुणा. दवाखान्यात पेशंटला बघून भोवळ येऊन पडणारा मामा प्रेमळच असतो, पण आता दोन पेशंट सांभाळावे लागतात. ज्याची जखम ओली आहे त्याचं हेच होतं. दुसऱ्याची जखम दिसली की स्वतःचीच ठणकायला लागते आणि तो तिथून पळतो. त्याला निर्दयी म्हणू नये.

मग जखम भरून येऊन तिची माया कधी होते? यावर सगळ्यात जास्त विचार केलेला माणूस म्हणजे एर्विन स्टाऊब. त्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती या विषयाच्या गाभ्याला आहे. स्टाऊब १९३८ मध्ये हंगेरीत एका ज्यू कुटुंबात जन्मले. १९४४ साली हंगेरीतल्या ज्यूंना उचलून मरणाच्या छावण्यांत पाठवत होते, तेव्हा ते सहा वर्षांचे. राऊल वॉलनबर्ग नावाच्या स्वीडिश अधिकाऱ्यानं 'हा माणूस स्वीडनच्या संरक्षणाखाली आहे' अशी पत्रं वाटून हजारो ज्यूंना वाचवलं. स्टाऊब कुटुंब अशाच संरक्षणात जगलं. आणि त्यांच्या घरी कामाला असलेली मारिया नावाची ख्रिश्चन बाई. ती सोडून गेली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. तिनं जीव धोक्यात घालून या मुलांची पाठराखण केली, त्यांना खायला आणून दिलं.

मोठेपणी स्टाऊब अमेरिकेत मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि दोन प्रश्नांचा त्यांनी आयुष्यभर पाठलाग केला: माणसं माणसांचा संहार का करतात, आणि काही माणसं धोका पत्करून मदत का करतात. दुःखातून जन्मणाऱ्या परोपकाराला त्यांनी स्वतंत्र नाव दिलं आणि २००८ मध्ये योहाना फोलहार्ट यांच्याबरोबर त्यावर सविस्तर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की घाव आपोआप माणसाला चांगलं करत नाही. घाव घातलेला माणूस जगाला शत्रू समजू लागण्याचीही तितकीच शक्यता असते, आणि सूडाची पोरं सूडच जन्माला घालतात. वाट बदलते ती काही गोष्टींनी. त्या वेळी कुणीतरी मदत केली होती का. त्या संकटात आपण दुसऱ्या कुणासाठी काही करू शकलो का. नंतर दुःख बोलून दाखवायला कुणी मिळालं का, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी ते मान्य केलं का. आणि तसंच सोसलेल्या दुसऱ्या माणसांशी गाठ पडली का, म्हणजे 'हे माझ्याच नशिबी' ऐवजी 'हे आपल्यासारख्या पुष्कळांच्या वाट्याला' असं दिसू लागलं का.

यातली पहिली गोष्ट मला जिन्यात मिळाली होती. मी रडत असताना एक बाई शेजारी येऊन बसली. अथणीकडची, लुगड्याचा पदर डोक्यावर, कपाळाला भस्म. तिचा मुलगा माझ्या बायकोच्याच शेजारच्या खाटेवर होता, अपघाताचा. ती मला म्हणाली, "ऊटा आय्ता?" मला कानडी येत नाही. बाई उंटाबद्दल काय विचारतेय, असं वाटून मी त्या अवस्थेतही बावळटासारखा बघत राहिलो. वॉर्डबॉय जाता जाता म्हणाला, "काका, जेवलात का विचारतीया." तिनं पदराखालून दोन कडक ज्वारीच्या रोट्या आणि शेंगाचटणीची पुडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तिच्यापाशी तरी दुसरं काय होतं? तिचा मुलगा वाचला का, हे मला माहीत नाही. आम्हाला सोडलं त्या दिवशी ती खाट रिकामी होती, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

दुःखाचा अर्थ कसा लावला जातो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारच्या साताऱ्यात आहे. भीमराव आंबेडकरांचं बालपण तिथं गेलं. त्यांच्या आईचं, भीमाबाईंचं, निधन साताऱ्यातच १८९६ मध्ये झालं. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यातल्या शाळेत त्यांचं नाव घातलं गेलं. त्यांना तिथं वेगळं गोणपाट घेऊन बसावं लागे आणि नळाला हात लावायची बंदी होती. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर नाही. १९०१ च्या उन्हाळ्यात ही मुलं कामाच्या गावी असलेल्या वडिलांना भेटायला आगगाडीनं निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. नीटनेटके कपडे बघून स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा फिरला. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊनही जवळ बसायला तयार नव्हता, गाडी मुलांनीच हाकली. डब्यात जेवण होतं, पण रात्रभर पाणी मिळालं नाही, म्हणून जेवणही झालं नाही. टोलनाक्यावरही कुणी घोटभर दिलं नाही.

हा मुलगा मोठेपणी म्हणू शकला असता, "मी रात्रभर तहानेनं व्याकूळ होऊन शिकलो, तुम्हीही सोसा." २० मार्च १९२७ ला तो हजारो माणसं घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेला आणि ओंजळीनं पाणी प्यायला. याला करुणा म्हणायचं का, यावर माझ्या एका मित्राशी माझी वादावादी झाली. तो म्हणतो, बाबासाहेबांनी हक्क मागितला, कणव नव्हे, तू त्यांना तुझ्या गोड शब्दात ओढू नकोस. त्याचं म्हणणं मी मान्य करतो. कीव वरून खाली बघते, तिच्यानं कुणाचं तळं उघडलं नसतं. पण मला जे दिसतं ते वेगळं आहे. मसूरच्या रस्त्यावरची तहान त्यांनी आपली सहनशक्ती म्हणून मिरवली नाही. हे पाणी अडवलं कुणी, असं विचारलं. 'मी सोसलं' आणि 'हे व्हायला नको होतं' ही दोन वाक्यं एकाच आठवणीतून निघू शकतात. पहिलं वाक्य सुनेपर्यंत पोचतं, दुसरं तळ्यापर्यंत.

यातून मदत करणाऱ्याचाही फायदा होतो. फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये हे नोंदवलं, की एकाच दुखण्यातले लोक एकमेकांना मदत करतात तेव्हा मदत घेणाऱ्याइतकाच, कधी जास्तच, मदत देणारा सुधारतो. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस याच पायावर उभी आहे. दारू सुटलेला माणूस नव्यानं सोडू पाहणाऱ्यापाशी बसतो, आणि त्याला न पिण्याचं सांगता सांगता स्वतःचाही आजचा दिवस काढतो. आता तुम्ही म्हणाल, हा तर त्याच खड्ड्यातला माणूस, तो परीक्षक का होत नाही? कारण तिथं उभं राहून पहिलं वाक्य म्हणावं लागतं ते 'मी दारुडा आहे', 'होतो' नव्हे. पेपर अजून सुटलेला नाही, हे रोज स्वतःला ऐकवलं जातं. इथंच सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत. 'संग्राम' या संस्थेनं १९९२ पासून एचआयव्हीवर काम सुरू केलं, त्यातून ही वस्तीतल्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. निरोध वाटायला, आजारी बाईला सिव्हिलला न्यायला, पोलिसांशी बोलायला वस्तीतलीच बाई जाते. बाहेरून आलेल्या सज्जन माणसानं ज्या तोंडानं उपदेश केला असता, ते तोंड तिच्यापाशी नसतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती बोलून टाकतो. हल्ली कुणाचं मूल गेलं, कुणाचा संसार मोडला, की भेटायला आलेली माणसं म्हणतात, "यातून तू आणखी चांगला माणूस होशील बघ." कृपा करून असं म्हणू नका. आईला तिची मुलगी हवी होती, कोपीत दूध पोचवणारं मन नव्हे. दुःखातून माया उगवली तर उगवली, तो दुःखाचा मोबदला नव्हे. आणि ज्याच्यात ती उगवली नाही, त्याच्याकडं थकबाकीदारासारखं बघू नये. काही जखमा नुसत्या भरल्या तरी पुरे.

त्या क्लार्कचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून सांगितलं, आठ काय, लागतील तेवढे दिवस घे. तो म्हणाला, "बरं साहेब." आवाजात काही नव्हतं. माझं पहिलं वाक्य त्यानं ऐकलेलं होतं आणि ते परत घेता येत नव्हतं. मार्चएंडला मी त्याच्या टेबलवर बसलो. चश्म्याचा नंबर वाढलेला, आकडे दिसत नव्हते, दोन चुका केल्या आणि त्या त्यालाच येऊन दुरुस्त कराव्या लागल्या.

आई शेवटच्या वर्षी अंथरुणाला होती. ही तिला भरवायची आणि मग स्वतः जेवायची. एका संध्याकाळी आई हिला म्हणाली, "आधी तू खाऊन घे." ही बधली नाही. आईनं तोंड मिटून घेतलं, ही जेवेपर्यंत उघडलंच नाही. दोघींपैकी कुणी त्यावर पुढं एक शब्द बोललं नाही.

निवृत्त झाल्यापासून मी मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला जातो. चहाचा मोठा थर्मास, कागदी कप, बिस्किटाचे पुडे. संस्था वगैरे काही नाही, जिन्यात आणि व्हरांड्यात बसलेल्या माणसांना विचारायचं, एवढंच. मराठी माणसाला मराठीत, कानडी माणसाला कानडीत. माझी कानडी त्या एका वाक्यापलीकडं गेलेली नाही आणि तेही धड येत नाही. परवा इंडीकडची एक पोर बाकावर बसली होती, पायाशी भावाच्या एक्सरेचं पाकीट. मी विचारलं, "ऊटा आय्ता?" माझ्या उच्चाराला ती रडता रडता फिस्सकन हसली. मग म्हणाली, "इन्नू इल्ला," म्हणजे अजून नाही, आणि बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.